खैरनारबाईंची पिशवी

खैरनारबाईंना संस्थेच्या सचिवांनी फसवलं. मलाही त्यांनीच फसवलं. बाईंवर वार करायला त्यांना एक हात हवा होता, तो त्यांनी माझा वापरला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बाईंबद्दल बरंच लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की हा माणूस नुसत्या जुन्या आठवणी काढत बसलाय.

सचिवांचं नाव लिहीत नाही. ते हे वाचतील, एवढं मला पुरे.

मी भाजीवाला. मखमलाबादच्या मळ्यातून सायकलवर फ्लॉवरची पोती लादून पंचवटीत आणायचो, तिथून सुरुवात केली. शिक्षण चौथी. आज मार्केट यार्डात दोन गाळे आहेत. ते कुणी दिले नाहीत, भाव करून मिळवले. माझ्याशी भाव करून जिंकलेली माणसं मी आयुष्यात दोनच पाहिली. एक बाई आणि दुसरे हे सचिव. बाई जिंकल्या, कारण त्या भावच करत नसत.

त्या आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. सोबत म्हातारी आई, जिजी. मूळच्या देवळ्याकडच्या. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास माझी भाजीची गाडी गल्लीच्या तोंडाशी लागायची. बाई सकाळी शाळेत जाताना थांबायच्या. उंच, हाडकुळ्या, साडीचा पदर कमरेला खोचलेला, खांद्याला खाकी कापडाची पिशवी.

“दामू, एक भेंडी दे. एक वांगं. एक लिंबू.”

“बाई, चेष्टा करता का? एक भेंडी मी कशी विकू?”

“किती झाले ते सांग.”

मी चिडून काहीतरी भलताच भाव सांगायचो. त्या तेवढे पैसे काढून माझ्या हातावर ठेवायच्या. घासाघीस नाही की तोंड वाकडं करणं नाही. पहिल्या दिवशी मला मजा वाटली. चौथ्या दिवशी झोप येईना. बाजारात खोटा भाव सांगायचा तो समोरचा खाली आणणार म्हणून. समोरचा खाली आणतच नसेल, तर तो भाव राहत नाही, चोरी होते. पाचव्या दिवशी मी ओरडलो, “बाई, भाव करा की! गल्ली काय म्हणेल मला?”

“तू खोटं बोलत असशील तर ते तुझं तू बघ,” त्या म्हणाल्या. “मला उशीर होतोय.”

तेव्हापासून मी त्यांना खरा भाव सांगायला लागलो. नाशकात तसं दुसरं गिऱ्हाईक मला भेटलं नाही.

एक भेंडी आणि एक वांगं कशाला लागायचं, ते माझी पोरगी सुनीता त्यांच्या वर्गात गेल्यावर कळलं. शाळा मराठी, खाजगी. पालकांना ओढायला पहिलीपासून इंग्रजी ठेवलेलं. ते बाईंकडे. पुस्तक त्या कपाटातून काढतच नसत. मुलांना गोल बसवायचं, पिशवीतून वस्तू काढायची आणि एकेकाच्या हातात द्यायची. मुलांनी ती दाबायची, हुंगायची, कानाशी हलवून बघायची. पंचेचाळीस मुलांच्या हातांतून फिरून परत आली की मग बाई इंग्रजी शब्द एकदाच म्हणणार. मराठीत अर्थ सांगायचा नाही. दुसऱ्या दिवशी तीच वस्तू हातावर ठेवून विचारायचं, “व्हॉट इज धिस?” आणि थांबायचं. उत्तर येईपर्यंत थांबायचं. सुनीता सांगायची, बाई इतका वेळ थांबतात की पोटात दुखायला लागतं.

“हातात दिल्याशिवाय शब्द द्यायचा नाही,” हे त्यांचं वाक्य. शाळेच्या कमिटीतले एक सभासद एकदा वर्गावर आले. पुस्तकातलं हत्तीचं चित्र दाखवून त्यांनी इंग्रजी शब्द विचारला. वर्ग गप्प. सभासद हसून म्हणाले, “बाई, शेजारच्या शाळेतली केजीची पोरं सांगतील हो.”

“सांगतील. माझ्या मुलांनी अजून हत्ती हातात घेतलेला नाही.”

गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, साधूंचा हत्ती भिक्षा मागत यायचा. बाईंनी त्याची वाट पाहिली, आणि आला त्या दिवशी अख्खा वर्ग रस्त्यावर आणून एकेकाचा हात त्याच्या सोंडेवर ठेवला. सुनीताने रडून गोंधळ घातला, पण शब्द आजही विसरलेली नाही. त्या सभासदाला बाईंनी पुन्हा बोलावलं तेव्हा तो आला नाही. मनात मात्र त्याने ते धरून ठेवलं.

बाई गोड होत्या असं कुणी समजू नये. मी सुनीताचं कौतुक ऐकायला गेलो तर म्हणाल्या, “तुझी पोरगी हुशार नाही, कष्टाळू आहे. घरी तिला हुशार म्हणू नका, नासेल.” माझी बायको मंदा महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. आणि एक गोष्ट तर गल्लीने त्यांना कधीच माफ केली नाही. त्यांचे वडील देवळ्याला वारले. बाई गेल्या, आणि चौथ्या दिवशी परत वर्गावर हजर. दहावाही झालेला नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, “मुलांना गुरुवारी पेरू देते म्हणून सांगितलं होतं.” पोरांच्या पेरूसाठी बापाचा दहावा सोडणारी बाई, असं गल्ली म्हणायची. मीही म्हणायचो. हे लक्षात ठेवा. पुढे माझा घात याच आठवणीने केला.

बाई पन्नाशीला आल्या तेव्हा कमिटीने त्यांना घरी बसवलं. त्यांच्या जागी नाचून गाणी शिकवणारी कॉन्व्हेंटची मुलगी आणली. बाई रोज सकाळी पिशवी घेऊन गाडीपाशी यायच्या, एक लिंबू घ्यायच्या आणि घरी परत जायच्या. ते बघवत नव्हतं.

मग पेपरात जाहिरात आली. नाशकातल्याच एका संस्थेची. टांझानियात त्यांची शाळा होती, लहान मुलांना पहिलं इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक पाहिजेत. पगार नाही. राहणं, जेवण, विमान संस्थेचं. बाई जाहिरात घेऊन माझ्याकडे आल्या.

“आफ्रिकेत जाणार? या वयात? फुकट?” मी म्हटलं.

“मला वर्ग पाहिजे, दामू. कुठला का असेना. जिजीकडे तू आणि मंदा बघाल का?”

“ते विचारायचं असतं का? पण बोलणी मी करणार. तुम्ही तोंड उघडायचं नाही.”

या संस्थेच्या माणसांना मी आधीच जोखून ठेवलं होतं. मला बाजारातून कळलं होतं की आधीच्या एका मास्तरला त्यांनी चार महिन्यांत परत पाठवलं, कारण कुणा देणगीदाराच्या भाचीला तिकडे जायचं होतं. बाईंचा वर्ग पुन्हा कुणी काढून घ्यायचा नाही, हे मी ठरवलं होतं. सचिवांच्या ऑफिसात बसलो. पांढरा सफारी, हळू आवाज, दर वाक्यात “सेवा”. ते म्हणाले, मुदत एक वर्ष. मी म्हटलं, दोन. मधे कुणी परत पाठवायचं नाही. आणि लेखी.

“सेवेत कसलं लेखी, दामूशेठ?”

“मग दुसरी बाई शोधा.”

मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो. दोनदा त्यांनी बोलावलं. शेवटी ते म्हणाले, “ठीक आहे. पण समतोल पाहिजे. आम्ही बांधले गेलो तर त्याही बांधल्या गेल्या पाहिजेत.” मला ते रास्त वाटलं. व्यवहारात अट दोघांना लागू असते. त्यांनी टाइप करून आणलं: दोन वर्षांची मुदत पूर्ण होण्यापूर्वी संस्था स्वयंसेविकेस परत पाठवणार नाही व स्वयंसेविका परत येणार नाही. मी तीनदा वाचलं. जिंकल्यासारखं वाटत होतं.

तेव्हा बाईंनी तोंड उघडलं. “आणि जिजीला काही झालं तर?”

“बाई,” सचिव म्हणाले, “माणुसकी म्हणून काही असतं की नाही? ती का कागदावर लिहायची असते?”

आयुष्यभर मी तोंडी शब्दावर मेथीची जुडी घेतली नाही. त्या दिवशी मी मान डोलावली आणि म्हटलं, “जिजीला काय धाड भरलीय? मी आहे ना. सही करा, बाई.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटा भाव सांगितल्यावर पाहायच्या तसंच. आणि नेहमीसारखी मी सांगितली ती किंमत मोजली. सही केली.

तिकडून त्यांची पत्रं यायची, निळ्या घडीची. सुनीता जिजीला वाचून दाखवायची. एका वर्गात नव्वद मुलं, अर्धी झाडाखाली. पुस्तकं नाहीत, आणि त्याचा बाईंना आनंदच झालेला. पिशवी पहिल्या आठवड्यात भरली: मक्याचं कणीस, कच्चं केळं, कुदळीचा दांडा, कोंबडीचं पीस. मुलं त्यांना म्वालिमू म्हणायची, म्हणजे बाई. लहान मूल मोठ्या माणसाला भेटलं की “शिकामू” म्हणून मान देतं. “मला दिवसातून नव्वदवेळा मान मिळतो,” त्यांनी लिहिलं होतं. “नाशकात वर्षातून नऊवेळा मिळत नव्हता. दामूला सांगा, इथे बाजारात फार घासाघीस चालते. मी करत नाही. एक म्हातारी माझ्यावर रोज ओरडते. मला घरच्यासारखं वाटतं.”

त्या पत्राला मी हसलो. बाई सुखात होत्या. ते सुख मी मिळवून दिलं, अशी मिशीला पीळ देत गल्लीत सांगत फिरलो.

सव्वा वर्ष झालं आणि जिजी न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, वय बघता आशा धरू नका. त्याच सकाळी मी गाळ्यावरून संस्थेत फोन केला. सचिव स्वतः बोलले. “अरेरे. लगेच कळवतो.”

जिजी खाटेवर पडून दाराकडे बघायच्या आणि अहिराणीत विचारायच्या. “दामू, मनी पोर कथी शे?”

“निघालीय, जिजी.”

“कव्हय यी ती?”

“उद्या.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला. सचिवांचा आवाज एकदम मऊ. “दामूशेठ, बाईंना कळवलं. पण त्या म्हणाल्या, देणगीदार पाहणीला येणार आहेत, मुलांना ऐनवेळी सोडणार नाही. आम्ही खूप समजावलं. काय बोलायचं? थोर बाई आहेत.”

मी विश्वास ठेवला. बाजारात मी सख्ख्या भावाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, पण यावर ठेवला. कारण मला पेरू आठवला. बापाचा दहावा सोडणारी बाई आईलाही सोडेल, हे मला पटकन पटलं. लबाडाने नेमकं तेच सांगितलं, जे माझ्या मनात आधीच तयार होतं.

आठव्या दिवशी जिजी गेल्या. शेवटपर्यंत दाराकडे तोंड. अग्नी मी दिला.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर बसून मी बाईंना पत्र लिहिलं. मजकूर मला पाठ आहे. “जिजी गेल्या. अग्नी मी दिला. आठ दिवस तुमचं नाव घेत होत्या आणि मी खोटं बोलत होतो. तुम्हाला पाहुणे महत्त्वाचे. तुम्ही तुमची मुलं सांभाळा. नाशकात आता तुमचं कुणी नाही. मीही नाही.” मंदा म्हणाली, “अहो, दोन दिवस थांबा, मग टाका.” मी तिच्यावर ओरडलो आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

उत्तर आलं नाही. निळी पत्रं बंद झाली.

नऊ महिन्यांनी, मुदत संपल्यावर, बाई परत आल्या. सकाळी गाडीपाशी आल्या. गाडीवर आता माझा पुतण्या बसायचा, पण त्या दिवशी मी होतो. केस पांढरे झालेले. खांद्याला तीच पिशवी.

“एक लिंबू दे, दामू.”

“लिंबं संपली,” मी म्हटलं. समोर पाटीभर लिंबं होती.

त्या पाटीकडे बघत जरा वेळ थांबल्या. त्यांना थांबायची सवयच होती. मग घरी गेल्या. त्यानंतर तीन वर्षं आम्ही दोन घरं सोडून राहिलो आणि बोललो नाही. त्या दिसल्या की मी मुद्दाम थुंकायचो. बायकांनी हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. “आईला न बघणारी” असं नाव पडलं. ते पाडणारा मी.

संस्थेने मात्र त्यांचा सत्कार ठेवला. स्मरणिका काढली. तिच्यात बाईंचा देणगीदारांबरोबरचा फोटो, आणि खाली सचिवांच्या सहीचा मजकूर: मातेच्या निधनाची वार्ता समजूनही आपल्या चिमुकल्यांना न सोडणारी सेवाव्रती. बाईंना भाषणाला उभं केलं. त्या माईकपुढे उभ्या राहिल्या, समोरच्या लोकांकडे बघत राहिल्या, आणि एक शब्द न बोलता खाली उतरल्या. सचिव माईकवर म्हणाले, “भावना अनावर झाल्या.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे उभा राहून मनात शिव्या घातल्या. बाईंना घातल्या.

सिंहस्थ होऊन गेल्यानंतरची गोष्ट. सुरगाण्याची एक मुलगी गाळ्यावर आली, सासरच्यांचे टोमॅटो घेऊन. बोलता बोलता कळलं की तीही त्या संस्थेमार्फत टांझानियात होती, बाईंच्याच शाळेत. मी म्हटलं, “म्हणजे त्या दगडाच्या बाईबरोबर.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “तुम्हीच का ते दामूशेठ? पत्र तुमचंच ना?”

मग तिने सांगितलं. बाईंना कुणीही काहीही कळवलं नव्हतं. ना फोन, ना निरोप. देणगीदार येणार होते आणि दाखवायला बाईंचा वर्ग हवा होता. माझं पत्र पाहणीच्या आदल्या दिवशी शाळेत पोहोचलं. बाईंनी ते वर्गात उघडलं. आई आठ दिवस झुरली, मेली, जळली, हे सगळं त्यांना माझ्या त्या सात ओळींतून कळलं.

“मग काय केलं त्यांनी?”

“खाली बसल्या, जमिनीवर. पोरं भ्याली. त्यांच्यात कुणाचं मेलं की ‘पोले’ म्हणतात. कुणीतरी काहीतरी ओळखलं असेल. एकेक पोर येऊन ‘पोले, म्वालिमू’ म्हणून हात लावून गेलं. सगळी नव्वद. मग बाई ऑफिसात गेल्या पासपोर्ट मागायला. तो तिथल्या व्यवस्थापकाकडे ठेवलेला असायचा. त्याने नाशकाला फोन लावला आणि मग बाईंपुढे करार ठेवला. म्हणाला, दोन वर्षं. तुमच्याच माणसाने लिहून घेतलंय. आता जाऊन काय करणार, जळली ना आई?”

“आणि तो फोटो?”

“दुसऱ्या दिवशीचा. त्यांना धरून उभं केलं होतं, शेठ. माझाच हात आहे पाठीमागे. फोटोत येत नाही.”

गाळ्यात हमालांचा ओरडा चालू होता. मी मुलीला टोमॅटोचा भाव विचारला, तिने सांगितला तो दिला. तसाच, चप्पल न घालता, बाईंच्या घरी गेलो.

त्या खुर्चीत बसल्या होत्या. मी दारात उभा राहून म्हटलं, “बाई, मला माहीत नव्हतं.” त्या उठल्या. खुंटीवरची पिशवी काढली, आत हात घातला आणि एक घडी घातलेला कागद माझ्या तळहातावर ठेवला. माझं पत्र. घड्यांवर फाटत आलेलं. मग समोर उभ्या राहिल्या, वर्गात राहायच्या तशा, आणि पहिलीच्या पोराला विचारावं तशा शांत आवाजात म्हणाल्या,

“व्हॉट इज धिस?”

आणि थांबल्या.

मला उत्तर आलं नाही. त्या थांबूनच राहिल्या. मी रडलो, पाया पडायला वाकलो, तर पाय मागे घेतले. शेवटी कागद माझ्या हातातून काढून घेतला, घडी घातली, पिशवीत ठेवला.

“बाई, तुम्ही मला सांगितलं का नाही? तीन वर्षं?”

“तू विचारलं नाहीस,” त्या म्हणाल्या. “तू सांगितलंस. मी तुझ्याशी कधी भाव केलाय का?”

मी संस्थेत गेलो. शिपायाने सांगितलं, सचिव मीटिंगमध्ये आहेत. आठवेळा गेलो, आठवेळा मीटिंग. नवव्या वेळी टेबल उलटं केलं, तर पोलीस बोलावले. गल्लीत मी घरोघर जाऊन खरं सांगितलं. लोक म्हणाले, “जाऊ द्या दामूशेठ, झालं गेलं.” बदनामी करताना कुणी जाऊ द्या म्हणालं नव्हतं.

पुढच्या वर्षी बाईंनी घर सोडलं, देवळ्याला चुलतभावाकडे जायला. मला मंदाकडून कळलं. मी बसस्टँडवर गेलो. बाई गाडीत बसल्या होत्या, खिडकीपाशी, मांडीवर पिशवी. मी खिडकीखाली उभा राहिलो. पाटीतलं सगळ्यात चांगलं लिंबू आणलं होतं, ते वर धरलं. त्यांनी घेतलं. चिल्लर काढली आणि माझ्या हातावर मोजून ठेवली. मी भाव सांगितलाच नव्हता.

शेजारी एका बाईच्या मांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी होती. बाईंनी ते लिंबू तिच्या हातात दिलं. पोरीने दाबलं, हुंगलं, गालाला लावलं, आणि मग वर बघितलं. बाई काहीतरी सांगतील म्हणून मीही बघत राहिलो. गाडी सुरू झाली, वळली, फाटकाबाहेर गेली. तोपर्यंत बाईंनी शब्द दिला नव्हता.

त्या वारल्याचं मला तेराव्यानंतर कळलं. मलाही कुणी कळवलं नाही. ते बरोबरच झालं.

त्या पत्राचं उत्तर मला आता येतं. ते हत्यार होतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं. माझ्या वाट्याचं मी सांगितलं. आता सचिवसाहेब, तुमची पाळी. पहिल्या दिवशी सकाळी मी फोन केला, तो तुम्ही घेतलात. तिसऱ्या दिवशी बाईंच्या तोंडचं म्हणून जे वाक्य मला ऐकवलंत, ते तुम्ही कुठे बसून रचलंत? तुमची ती स्मरणिका तुमच्या कपाटात असेलच. ती काढा. तो फोटो हातात घ्या, त्या चेहऱ्याकडे बघा, खालची स्वतःची सही वाचा, आणि चारचौघांत सांगा, हे काय आहे.

मी थांबलोय.